फॉरमॅट मारण्याआधी

पुण्याच्या पेठांमधल्या डीटीपीच्या ऑफिसांना श्रावणापासून दिवाळीपर्यंत उसंत नसते. दिवाळी अंक, त्यांच्या जाहिराती, संस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नाच्या पत्रिका, सगळं एकाच वेळी येऊन पडतं. अशा दिवसांत एखाद्या ऑफिसातलं मशीन बंद पडलं की धाबं दणाणतं. ते मशीन विंडोज एक्सपीचं असेल तर विचारायलाच नको.

नारायण पेठेतल्या एका ऑफिसात असंच झालं. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. ते चालवणाऱ्या काकूंनी साठी ओलांडली आहे. खिळ्यांची जुळणी मागे पडत होती तेव्हा त्या या धंद्यात आल्या आणि आजही रोज पानं लावतात. त्यांच्याकडे नवं मशीन आहे, त्यावर इनडिझाइन आहे, युनिकोड आहे. तरी कोपऱ्यातलं जुनं मशीन त्या काढत नाहीत, आणि त्याला सबळ कारण आहे. त्या मशीनवर पेजमेकर ७ आहे, २००१ साली आलेलं. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत अक्षरांची मांडणी ज्याची त्याने ठरवलेली होती. ‘क’चा अर्धा भाग कुठल्या क्रमांकावर, काना कुठल्या, वेलांटी कुठल्या, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फाइलमध्ये साठवलेले असतात ते हे क्रमांक. तो फॉन्ट मशीनवर नसला तर उघडलेल्या पानावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या निरर्थक ओळी दिसतात. शिवाय फॉन्टच्या सॉफ्टवेअरला कुलूप आहे, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावायचं, काड्यापेटीएवढं. आजच्या मदरबोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतोच.

त्या मशीनमध्ये आत्मचरित्रं आहेत, गौरवग्रंथ आहेत, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक आहेत. काही लेखक आता हयात नाहीत आणि त्यांच्या मजकुराची दुसरी प्रत कुणाकडे असेल याची काकूंना खात्री नाही.

मशीनमधली ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क, रुंद पट्टीच्या केबलवर चालणारी, टकटक करायला लागली तेव्हा काकूंनी वेळेत पावलं उचलली. ओळखीच्या दुकानातून ५०० जीबीची नवी साटा डिस्क घेतली, जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घेतलं. कॉपी पूर्ण झाली, एकही फाइल गळली नाही. नवी डिस्क लावून बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर ओळ आली: ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’. दुकानातून उत्तर मिळालं, फॉरमॅट मारावं लागेल, नवीन विंडोज टाकून देतो. तोवर जुनी डिस्क पूर्ण गेली होती. बायोसमध्ये तिचं नावसुद्धा येत नव्हतं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरची सीडी केव्हाच ओरखडे पडून निकामी झालेली. फॉरमॅट म्हणजे पेजमेकर जाणार, फॉन्ट जाणार आणि फाइली असूनही वाचता येणार नाहीत. काकूंनी मशीन उचललं आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या मागे बसणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे आणलं.

या माणसाबद्दल मी आधी ऐकून होते. चाळिशीचा आहे, दुकानाला पाटी नाही, कामं तोंडी प्रसिद्धीवर येतात. त्याने नव्या डिस्कला हात लावण्याआधी तिची सेक्टरन् सेक्टर उतरवलेली प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. काकूंचा जीव टांगणीला लागला होता. ‘‘अरे, आधी चालू तर करून दाखव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काकू, चालू करताना माझ्या हातून काही बिघडलं तर परत इथपर्यंत यायला जागा पाहिजे ना,’’ एवढं बोलून तो प्रत पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कामाला लागला.

डिस्क बदलल्यावर मशीन चालू का होत नाही, हे त्या दुपारी मी टप्प्याटप्प्याने पाहिलं. मला जे कळलं ते मांडावंसं वाटतं, कारण या एका अडचणीपायी महाराष्ट्रात किती धडधाकट मशीनं फॉरमॅट होत असतील याचा विचार केला की जीव हळहळतो.

बटण दाबल्यावर मशीनला स्वतःहून जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. विंडोज कुठे आहे हे मदरबोर्डावरच्या बायोसला माहीत नसतं. त्याला इतकंच माहीत असतं की यादीतल्या पहिल्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा. हा सेक्टर ५१२ बाइटचा. तिथला छोटा प्रोग्रॅम पुढचा पत्ता शोधतो, त्या पत्त्यावरचा प्रोग्रॅम त्याच्या पुढचा, असं करत करत विंडोजपर्यंत पोचायचं. प्रत्येक टप्प्यावर पुढच्याचा पत्ता कुठे ना कुठे लिहून ठेवलेला असतो: कुठे क्रमांक, कुठे चार बाइटची खूण, कुठे पार्टिशनचा नंबर. डिस्क बदलली की फाइली जशाच्या तशा येतात, पण या पत्त्यांतले काही जुनेच राहतात. घर बदललं तरी रेशनकार्डावर जुना पत्ता राहावा आणि धान्य अडावं, तसं होतं. माणूस तोच, धान्यही दुकानात आहे, अडलंय ते नोंदीपाशी.

हा पहिला सेक्टर म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड. त्याची रचना वाचताना मला नेहमी नवल वाटतं. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हतीच. ती आली मार्च १९८३ मध्ये, पीसी एक्सटीबरोबर, १० एमबीची. त्याच वेळी डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि एका डिस्कचे चार भाग करायची सोय झाली. ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ प्रोग्रॅमसाठी, नंतरचे ६४ चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी, प्रत्येकी १६, आणि शेवटचे दोन खुणेचे, ५५ आणि एए. ही खूण नसेल तर बहुतेक बायोस त्या सेक्टरकडे वळूनही बघत नाहीत. बायोस हा सेक्टर मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर आणून ठेवतो. हा आकडाही उगाच आलेला नाही: मशीनमध्ये निदान ३२ केबी मेमरी असेल असं धरून, तिच्या शेवटून १,०२४ बाइट सोडून तो ठरला. त्यानंतर मेमरी लाखो पटींनी वाढली, पण जुन्या पद्धतीने बूट होणारं मशीन आजही तोच आकडा वापरतं. काकूंचं मशीनसुद्धा.

दुरुस्तीवाल्याने लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि नव्या डिस्कचा पहिला सेक्टर पडद्यावर उघडला. आकड्यांच्या रांगांमधून त्याचं बोट थेट खालच्या ओळींवर गेलं. प्रोग्रॅम जागेवर होता, ५५ आणि एए जागेवर, पार्टिशनची एक नोंदही नीट होती. त्या नोंदीचा पहिला बाइट मात्र ०० होता. तिथे ८० असेल तर ते पार्टिशन ‘अॅक्टिव्ह’, म्हणजे बूट इथून करायचं. आधीच्या दुकानात सबंध डिस्क उतरवण्याऐवजी फक्त सी ड्राइव्ह उतरवला होता. फाइली आल्या, पण सी ड्राइव्हच्या बाहेर, डिस्कच्या अगदी सुरुवातीला असलेली ही ‘अॅक्टिव्ह’ची नोंद आली नाही. त्याने ०० पुसून ८० लिहिलं, बदल डिस्कवर उतरवला आणि मशीन बंद करून परत चालू केलं. ५०० जीबीच्या डिस्कमधला एक बाइट.

पडद्यावर नवी ओळ आली. विंडोज चालू होऊ शकली नाही, कारण सिस्टिम३२ फोल्डरमधली ‘हॅल डॉट डीएलएल’ ही फाइल गहाळ किंवा खराब आहे. काकूंचा चेहरा उतरला. दुरुस्तीवाला खूष झाला. ‘‘काकू, एरर बदलला म्हणजे गाडी पुढे सरकली. आता बायोसला डिस्क सापडली, डिस्कला पार्टिशन सापडलं, एक्सपीचा लोडर उठला. आता तो विंडोजचं फोल्डर शोधतोय.’’

दुरुस्तीच्या या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान मला या वाक्यात वाटलं. समोरचा संदेश खरा की खोटा यापेक्षा तो कोण देतंय हे ओळखायचं. बायोसचा असेल तर डिस्कचा पहिला सेक्टर पाहायचा. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ असेल तर पार्टिशन सापडलंय, पुढचा लोडर सापडत नाही. व्हिस्टापासून पुढे तिथेच ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ येतं. विंडोजचा निळा पडदा आला तर अर्ध्याहून अधिक वाट संपली आहे. ज्याला या पायऱ्या ठाऊक नाहीत त्याला सगळे संदेश सारखेच वाटतात, आणि मग एकच औषध उरतं.

हॅल डॉट डीएलएल ही फाइल डिस्कवर जिथल्या तिथे होती, निरोगी होती. चुकला होता तो तिचा माग. एक्सपीचा लोडर ‘बूट डॉट आयएनआय’ नावाची छोटी मजकुराची फाइल वाचतो आणि तिच्यात लिहिलेलं असतं की विंडोज कितव्या पार्टिशनमध्ये आहे. काकूंचं मशीन ब्रँडेड. जुन्या डिस्कवर सुरुवातीला कंपनीचं तपासणीच्या साधनांचं छोटं छुपं पार्टिशन होतं आणि विंडोज दुसऱ्यात होती. नव्या डिस्कवर फक्त सी ड्राइव्ह आल्यामुळे दुसरं पार्टिशन पहिलं झालं. फाइलीत अजून ‘पार्टिशन २’ लिहिलेलं. लोडर अस्तित्वातच नसलेल्या पार्टिशनमध्ये गेला, तिथे त्याला फाइल दिसली नाही आणि त्याने फाइलच खराब ठरवली. कित्येक जण या संदेशावर विश्वास ठेवून ती फाइल दुसऱ्या मशीनमधून आणून टाकतात आणि उपयोग होत नाही म्हणून हात टेकतात. इथे दोनाचा एक करायचा होता, तो केला.

यात एक सुदैवही होतं. पार्टिशन डिस्कवर कुठून सुरू होतं हा आकडा पार्टिशनच्या स्वतःच्या पहिल्या सेक्टरमध्येही लिहिलेला असतो, आणि पार्टिशन पुढेमागे सरकलं की तोही खोटा ठरतो. तेव्हा ‘अ डिस्क रीड एरर ऑकर्ड’ असं येतं आणि माणूस कोरी करकरीत डिस्क खराब निघाली म्हणून बदलायला धावतो. आधीच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरने हा आकडा मात्र बिनचूक दुरुस्त केला होता.

तिसऱ्या खेपेला एक्सपीची खिडकी उमटली, खालची निळी पट्टी दोनदा सरकली आणि पडदा निळा झाला. स्टॉप, पुढे शून्यं आणि शेवटी ७बी.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आतापर्यंत डिस्क वाचायचं काम बायोसच्या मदतीने चाललं होतं. विंडोजचा गाभा मेमरीत आला की तो बायोसला बाजूला करतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचायला घेतो. तो ड्रायव्हर नसेल तर ज्या डिस्कवरून तो आताच वर आला तीच त्याला दिसेनाशी होते. ७बीचा अर्थ इतकाच. जुनी डिस्क आयडीईची होती, नवी साटाची. या मदरबोर्डाच्या साटा पोर्टांना दोन पद्धतीने चालवता येतं, जुन्या आयडीईसारखं किंवा नव्या एएचसीआय पद्धतीने, आणि एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही. बोर्डावरची बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली होती, त्यामुळे प्लग काढल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या होत्या, आणि या बोर्डाचं मूळपद एएचसीआय. त्याने बॅटरी बदलली, तारीख भरली, साटाचं सेटिंग आयडीईवर नेलं. व्हिस्टापासून पुढे एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, पण स्थापनेच्या वेळी लागला नाही तर तो सुरुवातीलाच चढवायच्या यादीत नसतो. म्हणून नव्या मशीनांवरही हा निळा पडदा भेटतो. अशा वेळी एकदा सेफ मोडमध्ये चालू केलं की अलीकडची विंडोज बहुधा ड्रायव्हर शोधून स्वतःची यादी सुधारते.

चौथ्या खेपेला काकूंच्या नावाचा आयकॉन आला. त्यांनी क्लिक केलं. ‘लोडिंग युअर पर्सनल सेटिंग्ज’, आणि लगेच ‘सेव्हिंग युअर सेटिंग्ज’, पुन्हा तोच आयकॉन. आत घेतल्या घेतल्या बाहेर. हा दोष मी आधी कधी पाहिला नव्हता आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. सी, डी, ई ही ड्राइव्हची अक्षरं डिस्कवर लिहिलेली नसतात. कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनला कुठलं अक्षर, याची नोंद विंडोज आपल्या रजिस्ट्रीत ठेवते, आणि डिस्क ओळखते ती पहिल्या सेक्टरमध्ये ४४० व्या बाइटपासून लिहिलेल्या चार बाइटच्या सहीवरून. रजिस्ट्री जुन्या डिस्कवरून आलेली, त्यामुळे ‘सी’ हे अक्षर आता अस्तित्वात नसलेल्या डिस्कसाठी राखून ठेवलेलं. नव्या डिस्कला दुसरंच अक्षर मिळालं. माणसाला आत घेणारा प्रोग्रॅम मात्र सी ड्राइव्हवर शोधायचा असं लिहिलेलं. तो सापडेना, म्हणून विंडोज दार उघडून लगेच बंद करत होती.

दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून आपल्या टेबलावरच्या मशीनला यूएसबीने जोडली, काकूंच्या विंडोजची रजिस्ट्री तिथे उघडली आणि ‘माउंटेड डिव्हाइसेस’खालच्या जुन्या नोंदी पुसल्या. त्या पुसल्या की पुढच्या वेळी विंडोज ही यादी नव्याने बनवते आणि ज्या पार्टिशनवरून उठली त्यालाच सी म्हणते. हा घोळ बहुतेकदा एका साध्या निष्काळजीपणाने होतो: क्लोन, म्हणजे सबंध डिस्कची प्रत, झाल्यावर दोन्ही डिस्का जोडलेल्या ठेवूनच मशीन चालू करणं. क्लोनची सही हुबेहूब मूळ डिस्कसारखीच असते. दोन सारख्या सह्या दिसल्या की विंडोज एकीची सही बदलते किंवा ती डिस्क बाजूला काढते. म्हणून क्लोन पूर्ण झाल्यावर मशीन बंद करायचं, जुनी डिस्क सोडवायची आणि मग पहिल्यांदा नव्यावरून चालू करायचं.

डेस्कटॉप उघडला. काकूंनी पहिल्यांदा पेजमेकर उघडलं नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला कुलूप दिसतंय का ते पाहिलं. दिसत होतं. मग एका गौरवग्रंथाची फाइल उघडून एक जोडाक्षर मोठं करून बघितलं, रफार जागेवर आहे का म्हणून.

हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम होतं. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकायला तासभर लागतो आणि तेवढा वेळ मशीनजवळ बसूनही राहावं लागत नाही. गिऱ्हाईक दोन्हीचे पैसे सारखेच द्यायला बघतं. दुकानदाराला मी एकट्याला दोष देणार नाही. आपणच ‘किती वेळ लागेल’ एवढं विचारतो, ‘काय काय जाईल’ हे विचारत नाही. माझं म्हणणं मात्र स्पष्ट आहे: कॉपी पूर्ण झालेली असताना मशीन नुसतं चालू होत नाही म्हणून फॉरमॅट करणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे. त्यात गेलेली मोठी फाइल परत आणता येते, पण वर्षानुवर्षं जमवलेली सेटिंगं, परवान्यांच्या नोंदी, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, टॅलीची जुनी कंपनी कुठल्या फोल्डरात आहे ही माहिती, हे सगळं जातं आणि कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही.

जुनी डिस्क टकटक करत असताना आणखी एक काळजी घ्यायला हवी होती. बिघडत चाललेल्या डिस्कवर नेहमीचं क्लोनचं सॉफ्टवेअर चालवलं तर ते एका खराब सेक्टरपाशी अडून पुन्हा पुन्हा वाचत राहतं आणि डिस्कचं उरलेलं आयुष्य तिथेच संपतं. लिनक्सवर ‘डीडी रेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतो, खराब भाग ओलांडून पुढे जातो, कुठे काय राहिलं याचा नकाशा फाइलीत ठेवतो आणि शेवटी राहिलेल्या तुकड्यांकडे परत येतो. मध्येच वीज गेली तरी नकाशावरून पुढे चालू करता येतं. आपल्याकडे हे किती उपयोगी आहे ते वेगळं सांगायला नको. आणि तो सबंध डिस्क उतरवतो, पहिल्या सेक्टरसकट. तसं केलं असतं तर काकूंना वरच्या चार अडचणींपैकी फक्त ७बीचीच भेटली असती.

त्याच टेबलावर शेजारी एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा लॅपटॉप उघडा पडला होता. तिने संथ हार्डडिस्क काढून एनव्हीएमई एसएसडी बसवली होती, बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी लांब, च्युइंगमच्या पाकिटाहून पातळ पट्टी. दहा-बारा वर्षांत आलेल्या मशीनांची गोष्ट काकूंच्या मशीनहून वेगळी आहे. पहिल्या सेक्टरमधल्या चार नोंदींत सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत बसवलेला असल्यामुळे ती पद्धत साधारण दोन टीबीच्या पुढे जात नाही. तिच्या जागी जीपीटी आली: १२८ पार्टिशनांची सोय आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. बायोसच्या जागी यूईएफआय आलं. ते पहिला सेक्टर चालवत नाही. डिस्कवरच्या एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमधली बूटची फाइल उघडतं. विंडोज १० सहसा शंभर एमबीचं हे पार्टिशन करते आणि एक्सप्लोररमध्ये दाखवत नाही. म्हणूनच सी ड्राइव्ह उतरवणारा माणूस ते विसरतो.

शिवाय कुठल्या पार्टिशनमधली कुठली फाइल उघडायची ही नोंद आता मदरबोर्डावरच्या मेमरीत असते, आणि तिथे पार्टिशन ओळखलं जातं ते १२८ बिटांच्या लांबलचक क्रमांकाने. म्हणजे एक पत्ता डिस्कच्या बाहेर गेला. डिस्क कितीही नीट उतरवा, ही नोंद डिस्कबरोबर येत नाही. या मुलीच्या लॅपटॉपमध्ये जुनी डिस्क बाहेरून जोडली की एसएसडीवरची विंडोज छान चालू होत होती, काढली की ‘नो बूटेबल डिव्हाइस’. बूटची फाइल जुन्या डिस्कवर आणि विंडोज नव्यावर, असा संसार चालला होता. डेस्कटॉपवर हा प्रकार फार होतो: हार्डडिस्क जोडलेली असताना एसएसडीवर विंडोज टाकली की स्थापना कधी कधी बूटचं पार्टिशन हार्डडिस्कवरच ठेवते. पुढे कधीतरी ती हार्डडिस्क काढली की मशीन गप्प. दुरुस्तीवाल्याने विंडोजच्या पेनड्राइव्हवरून चालू करून एसएसडीच्या टोकाला थोडी जागा मोकळी केली, तिथे फॅट३२ पार्टिशन केलं आणि ‘बीसीडीबूट’ ही एक आज्ञा दिली. ती बूटच्या फाइली तिथे ठेवते, विंडोजचा पत्ता लिहिते आणि मदरबोर्डालाही कळवते.

लिनक्सवाल्यांचं थोडं सोपं असतं. तिथे पत्ते मजकुराच्या फाइलींत उघड लिहिलेले असतात, पार्टिशनचा ओळखक्रमांक म्हणजे यूयूआयडी बदलून ग्रब हा लोडर पुन्हा बसवला की बहुतेक वेळा काम होतं. स्वॅपचं पार्टिशन उतरवायचं राहिलं असेल तर मशीन चालू होतं, पण दीड मिनिट त्याची वाट बघत बसतं, आणि लोक नव्या डिस्कला संथ म्हणतात.

नव्या लॅपटॉपांची खरी धास्ती दुरुस्तीवाल्याला वाटते ती बिटलॉकरची. हल्ली अनेक लॅपटॉपांत विंडोज मालकाला फारसं न विचारता डिस्क कूटबद्ध करते. किल्ली मदरबोर्डावरच्या टीपीएम चिपमध्ये असते आणि बूटच्या साखळीत बदल दिसला की चिप ती देत नाही. मग ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण ते खातं कुठल्या ईमेलवर उघडलं होतं हे आठवावं लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूट, टीपीएम २.० लागतं, त्यामुळे जुन्या पद्धतीची डिस्क जीपीटीत बदलून घेणाऱ्यांची त्याच्याकडे रीघ लागली आहे. विंडोजमधलंच ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन फाइली न हलवता ते करतं. नंतर मदरबोर्डाचं सेटिंग लेगसीवरून यूईएफआयवर न्यायचं राहिलं की मशीन बूट होत नाही आणि घाबरलेला माणूस त्याच्या दारात येतो. आता तो स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी विचारतो: बिटलॉकर चालू आहे का, की कुठे लिहून ठेवली आहे, दुसरी प्रत कुठे आहे. उत्तरं मिळेपर्यंत मशीन उघडत नाही.

काकूंना त्याने मशीन देताना आणखी एक गोष्ट सांगितली. डिस्क आता नवी आहे, पुढची भीती मदरबोर्डाची. तो गेला तर हीच डिस्क दुसऱ्या बोर्डावर लावताना परत ७बी येईल, आणि प्रिंटरचा रुंद पोर्ट असलेला जुना बोर्ड मिळवणं दरवर्षी कठीण होतंय. काकूंनी दोन गोष्टी ठरवल्या. सबंध डिस्कची प्रत त्याच्याकडून दोन वेगळ्या डिस्कांवर घेतली, एक घरी आणि एक ऑफिसात. आणि दिवाळी अंकांचं काम हातावेगळं झालं की ज्यांची दुसरी प्रत नाही ती पुस्तकं एकेक करून युनिकोडमध्ये नेणार आहेत. कन्व्हर्टरने मजकूर बदलतो, पण काही जोडाक्षरं आणि रफार सुटतात, म्हणून प्रत्येक पान मूळ छापील पुस्तकासमोर धरून वाचायला त्यांनी एक निवृत्त मुद्रितशोधक गाठले आहेत. सुरुवात त्या गौरवग्रंथापासून होणार आहे.